शेवटचा पाव आटा

मित्राचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याला घरीच होतो. आम्ही दोघं एकाच पलटणीतले. तो नेमबाज, मी हत्यारं दुरुस्त करणारा. निवृत्तीनंतर तो कवठे महांकाळकडच्या आपल्या गावी गेला, मी इकडं आलो.

"परवान्यावर रायफल घेतली रं," तो म्हणाला. "स्कोप बी घेतलाय. बसवायला तूच ये. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा न्हाई."

"ह्या वयात रायफल कशाला गड्या?"

"पुढच्या महिन्यात म्हाताऱ्यांची मॅच हाय. एकदा बघायचंय, डोळा खरंच गेला हुता का."

त्याचा डोळा कधीच गेला नव्हता. हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

येतो म्हणालो आणि अवजारं घ्यायला सांगलीला गेलो. जुना संच होता की घरात. पण त्याला हात लावावा असं वाटेना. खरं सांगायचं तर चार दिवस पुढं ढकलायला निमित्त हवं होतं. बाजारात दुकानदार अण्णांना एकेक वस्तू काढायला लावली. एलन की चिनी नको, लवकर झिजते आणि स्क्रूचं डोकं खाते. पाणसळ हवी ती गवंड्याची हातभर नको, बोटाएवढी हवी, आणि एक नाही, दोन. एक रायफलीच्या पाठीवर ठेवायला, एक स्कोपच्या, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीच्या, टोपीवर. दोन्हींचे बुडबुडे एकमेकांशी जुळतात का हे काउंटरवरच तपासलं. पहिल्या तीन जोड्या परत केल्या.

"फौजी, बंगला बांधताय का घड्याळ?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, टॉर्कचा ड्रायव्हर दाखवा. घातलेल्या मापाला टक् करून सुटतो तो."

"लय महाग हाय. एवढ्याशा स्क्रूला हातानं पिळलं की झालं, आवं."

मी तोच घेतला. ओळंबाही घेतला, पितळी, लहान.

हातानं पिळलं की झालं, हेच माझे वडील म्हणायचे. ते इस्लामपूरकडं विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. माप लावून नट आवळणं हा त्यांच्या लेखी अपमान होता. नट पुरता बसला की वर आणखी पाव आटा, म्हणजे पाव फेरा, द्यायचे, पान्यावर हात थोपटायचे आणि म्हणायचे, "हा आपला आटा." त्याशिवाय इंजिन त्यांच्या हाताखालून गेलं असं होत नसे. आमच्या भागातले सगळेच फिटर असं करतात. नट ढिला राहिला तर कारागिराचं नाव जातं. जास्त आवळला गेला तर कोण विचारतो? मी फौजेत गेलो, कोर्स केला, प्रमाणपत्र मिळालं. पण तो पाव आटा माझ्या मनगटातून गेला नाही.

पलटणीत असताना एका मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी मित्राच्या रायफलीवर नवा स्कोप बसवायचा होता. मी रायफल शिकंज्यात धरली, पाणसळ लावून सरळ केली. समोर लांबवर ओळंबा टांगला आणि स्कोपमधली उभी रेघ त्या दोरीवर बरोबर आणून ठेवली. इथपर्यंत माझ्या कामात चूक नव्हती. टॉर्कचा ड्रायव्हर भांडारात होता. तो आणायचा तर सही, वही, भांडारवाल्याची वाट. मी म्हटलं, हात आहे ना. स्क्रू हातानं आवळले आणि शेवटी सवयीनं उजव्या बाजूच्या चारही स्क्रूंना तो पाव आटा दिला. एकाच बाजूनं जोर आला की स्कोपची नळी तिला धरणाऱ्या रिंगमध्ये किंचित फिरते. म्हणून आवळून झालं की पुन्हा एकदा दोरीकडं बघायचं असतं. मी बघितलं नाही. दोरी गुंडाळून खिशात घातली.

ह्या चुकीची खोड अशी की ती जवळ दिसत नाही. शंभर मीटरवर त्यानं पाच गोळ्या मारल्या, पाचही रुपयाच्या नाण्यात. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुझ्या हाताला गुण हाय." पण लांबच्या टप्प्यासाठी स्कोपचं वरचं चाक फिरवलं, की नेम सरळ वर न चढता तिरका चढतो. तीनशेला बोटभर. सहाशेला चार बोटं. दुसऱ्या दिवशी आठशेला त्याच्या गोळ्या वीतभर उजवीकडं गेल्या, एकामागून एक. वारा वाचायला चुकला, असं सगळे म्हणाले. तोही तेच म्हणाला.

संध्याकाळी रायफल माझ्याकडं आली. दुसऱ्या दिवशी तिची तपासणी व्हायची होती. मी ओळंबा टांगून बघितलं. रेघ उजवीकडं कलली होती, दोन अंश असेल. मी स्क्रू ढिले केले, रेघ सरळ केली, पुन्हा आवळले, ह्या वेळी भांडारातला ड्रायव्हर सही करून आणून. तपासणीत रायफल निर्दोष निघाली.

चूक कुणाच्याही हातून होते. ती मी पुसली, हा गुन्हा. रायफल निर्दोष म्हटल्यावर दोष उरला तो त्याच्या डोळ्यात. त्याला संघातून काढलं. त्यानं पुढं नेमबाजीचं नावच काढलं नाही. सुट्टीवर आला की मिरजेला डोळे तपासून घ्यायचा. डॉक्टर म्हणायचे काही नाही, तो म्हणायचा ह्यांच्या यंत्रात सापडत नाही. अंधार पडला की मोटारसायकल चालवणं त्यानं सोडलं. त्याची मुलगी कॉलेजात एनसीसीला उत्तम नेम धरायची, पोलीस भरतीची तयारी करत होती. तिला त्यानं थांबवलं. आपल्या घराण्याच्या डोळ्यांत खोट आहे, ऐनवेळी दगा देते, असं सांगून. तिचं भरतीचं वय निघून गेलं. आता ती लग्न होऊन सांगलीत असते.

नवी अवजारं घेऊन मी त्याच्या शेतावर पोचलो तेव्हा त्यानं द्राक्षबागेशेजारी टेबल मांडून ठेवलं होतं. चहा झाला. मी रायफल शिकंज्यात धरली, दोन्ही पाणसळी लावल्या, ओळंबा टांगला. टॉर्कचा ड्रायव्हर काढला तसा तो हसला.

"आता तुला बी यंत्र लागतंय व्हय? म्हातारा झालास."

मी ड्रायव्हर खाली ठेवला आणि सांगून टाकलं. तयारी करून गेलो होतो, पण तयार केलेलं एकही वाक्य आलं नाही. पाव आटा, उजवी बाजू, संध्याकाळी सरळ केलेली रेघ, असं तुटक तुटक सांगितलं.

त्यानं स्कोपला डोळा लावून समोरची दोरी बघितली.

"रेघ कुठल्या बाजूला कलली हुती?"

"उजवीकडं."

"मंजे वारा मी बरोबर वाचला हुता."

"व्हय."

"आठशेला बी?"

"आठशेला बी."

मला वाटलं तो शिव्या देईल. माझी इच्छाही तीच होती. त्यानं रायफल शिकंज्यातून काढली, घोंगड्यावर आडवी ठेवली आणि मी हात पुढं केला तर म्हणाला, "तू हात लावू नगंस." मग खिशातून फोन काढला.

"पोरीला तूच सांग. तिला न्हाई म्हणलो ते मी. आता कुठल्या तोंडानं बोलू?"

पलीकडून ती म्हणाली, "बोला काका. बाबा बरे आहेत ना?" मागं कुकरची शिट्टी झाली. मी तिला सगळं सांगितलं, ह्या वेळी सलग.

तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मी भरतीला निघाले होते, त्या वर्षी तुम्ही आमच्याकडं आला होता."

"हो."

"मी तुम्हाला स्वयंपाकघरात विचारलं होतं, काका, बाबांना समजवा. तुम्ही जेवत होता. काय म्हणालात, आठवतंय?"

मला आठवत होतं. बाप म्हणतो ते ऐक पोरी, असं म्हणालो होतो. वर भाकरी मागून घेतली होती. मित्राला ही गोष्ट ठाऊक नव्हती, आणि मघाशी त्याला सगळं सांगताना मी एवढी गाळली होती.

"आठवतंय," मी म्हणालो.

"बाबांना द्या फोन."

मी दिला. तो फोन कानाला लावून बागेच्या कडेनं चालत गेला. पार टोकाला जाऊन माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. ती त्याला काय सांगत असणार हे मला कळत होतं. मी टेबलापाशी उभा राहिलो. बसा म्हणणारं तिथं कुणी नव्हतं, आणि जा म्हणणारंही.