पूजेतले बोल्ट

मोहाडी तालुक्यातल्या ठाण्यात होतो, तेव्हाचं हे प्रकरण अजून मनातून जात नाही. खरं तर मीच जाऊ देत नाही.

करडीच्या रस्त्यावर एका कारखान्यात राइस मिलसाठी वाफेच्या टाक्या बनत. टाकी बाहेर पाठवण्याआधी तिच्यात पाणी भरून दाब देतात. त्या चाचणीपुरतं झाकण तात्पुरत्या बोल्ट-गॅस्केटने आवळतात. पण तेही दाब सोसणारेच लागतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणीत बोल्ट तुटले, झाकण उडालं आणि तिथल्या जोडीने काम करणाऱ्या दोन फिटरांपैकी धाकट्याचा पाय मोडला. पंचनाम्यात बोल्ट हलके, साधे निघाले.

संध्याकाळी निनावी फोन आला. "साहेब, थोरल्या फिटरचं घर पाहा. त्या दोघाईचं भांडन झालं होतं."

झडतीत चाचणीचे चांगले बोल्ट फडक्यात गुंडाळलेले सापडले. थोरल्याला ठाण्यात आणलं.

"हे घरी काहून नेले?"

"तुमाले जे लिहाचं ते लिहा जी."

दटावलं, चहा पाजला, गडी ढिम्म. उलट मलाच विचारतो, "त्याचा पाय वाचते ना जी?" इतकी काळजी करणारा संशयित मी पाहिला नव्हता.

मुद्देमाल लाखबंद करताना बोल्टच्या आट्यांत हळद-कुंकू दिसलं. आमच्याही शस्त्रपूजेतली फुलं रायफलींवर तशीच होती. पूजा मांडणारा हवालदार रजेवर, म्हणून कोणी हात लावला नव्हता. मी तडक दवाखाना गाठला.

"पूजा दादानं मांडली होती," प्लास्टरमधला धाकटा म्हणाला. "त्यानं हालवल्याबिगर कसा उचलू जी? तो त त्या दिवशी कामावर नोहता, अन् टाकी त्याच दिवशी जाची होती. मंग डब्यातले साधे लावले. त्याले कायले धरलं?"

थोरल्याला तिथेच आणवलं. आता तो बोलला. "चांगले बोल्ट पूजेतच सापडले अन् चूक याची निंगाली त याले कामावरून काढतील, म्हनून अपघाताचं आयकून मी ते लपवले."

धाकटा भडकला, "अन् तू जेलात गेला असता त मी रोज भांडलो असतो कोनासंग?"

थोरला सुटला. मालकाला चार शब्द मी सुनावले, दोघंही कामावर राहिले. गप्प बसणारा माणूस स्वतःलाच वाचवतो, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्या दिवसानंतर संशयिताला आधी विचारू लागलो, तुझं जिवाभावाचं कोण?

पुढच्या दसऱ्याला त्यांनी मला कारखान्यात बोलावलं. पूजेत ते बोल्ट होतेच. फूल वाहून थोरला धाकट्याला म्हणाला, "उद्या मी नसलो तरी उचलजो. देवाले सांगून ठेवलं हाये."