वडप्याचा डाव, पत्ते न बघता

भिवंडीला कोणी फिरायला जात नाही. मीही गेले नसते. आमच्या घरी कोणी वाचत नाही अशा या ब्लॉगवर आजवर वणी, हरिश्चंद्रगड, गणपतीपुळे असं रीतसर लिहिलंय, आणि तुम्हीही राहायची सोय काय, खर्च किती असं रीतसर विचारलंत. या वेळी नाशिक ते भिवंडीजवळचं वडपे आणि परत, एक मुक्काम. राहायची सोय उत्तम, जेवण फुकट, आणि कृपा करून जाऊ नका.

माझा नवरा मिलिंद वर्षभर संगणकावर पोकर खेळत होता. टेक्सस होल्डेम नावाचा प्रकार. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, मधे पाच पत्ते हळूहळू उघडत जायचे, आणि त्या सातांतून ज्याचे पाच सगळ्यात भारी जमतील त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर बोली. मंदीमुळे कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला, संध्याकाळ मोकळी मिळायला लागली आणि हे खूळ वाढलं. मी ज्युनिअर कॉलेजला संख्याशास्त्र शिकवते. त्यामुळे जेवताना सुद्धा "शुभा, दोन राजे हातात असताना समोरच्याकडे दोन एक्के असण्याची शक्यता किती?" असले प्रश्न. मी उत्तरं देत गेले. बायको नवऱ्याच्या छंदात रस घेते याचं मला कौतुकच वाटत होतं, काय सांगू.

मग एका रात्री त्याने ताट बाजूला सारून सांगितलं, की वडप्याला कंपनीच्या ओळखीतल्या दामूशेठच्या बंगल्यावर स्पर्धा आहे. त्यात पहिला आलो तर नोकरी सोडतो. गोव्याला बोटींवर कॅसिनो आहेत, महिन्यातले पंधरा दिवस तिथे खेळेन. पहिला नाही आलो तर पुन्हा पत्त्यांना हात लावणार नाही, तुझ्या गळ्याची शपथ. घराचे हप्ते अजून अकरा वर्षं जायचेत, मुलगी चौथीत आहे. मी भांडले, रडले, आणि शेवटी म्हटलं, मीही येणार. एकटं सोडायची हिंमत नव्हती. सासूबाईंना कंपनीचं काम आहे असं सांगून मुलीला त्यांच्याकडे ठेवलं.

शनिवारी पहाटे निघालो. रस्त्याचं सांगते. महामार्गाचं चौपदरीकरण सुरू आहे, कसारा घाट उतरल्यावर जागोजागी वळणरस्ते आणि धूळ. गाडीच्या काचा वर ठेवा. शहापूरला वडा-उसळ चांगली मिळते, दोघांचे चाळीस रुपये झाले. माझ्या घशाखाली एक घास उतरला नाही, तो मात्र दोन प्लेट जेवला. पडघ्याच्या पुढे गोदामं सुरू होतात आणि मग संपतच नाहीत. निळे पत्रे, ट्रेलरच्या रांगा, मधेच एखादं भाताचं खाचर उरलेलं. पेट्रोल जाऊन-येऊन हजाराच्या आत बसतं.

वाटेत मिलिंद मला समजावत होता, की स्पर्धेत भीती नसते. पैसे एकदाच भरायचे, सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, संपल्या की घरी. कॅश गेम वेगळा, तिथे प्रत्येक चिप म्हणजे खरी नोट आणि संपली की पुन्हा खिशात हात.

"मग गोव्यात काय असतं?" मी विचारलं.

"गोव्यात मुख्यतः कॅशच," तो म्हणाला आणि आरशात बघायला लागला.

अकरालाच पोचलो. डाव दोनला होता, म्हणून वेळ काढायला गावात गेलो. भिवंडी गावात शिरलं की आधी कानांना कळतं. गल्लीगल्लीतून यंत्रमागांची खटखट, बोलणारा माणूस ओरडूनच बोलतो. कल्याण नाक्याजवळ चहा घेतला. गाडी लावायला जागा शोधू नका, मिळणार नाही. मला त्या आवाजात उगाच धीर आला, कारण आपलं काळीज धडधडतंय हे तिथे ऐकू येत नव्हतं.

दामूशेठ म्हणजे दामोदर, ज्यांच्या गोदामात मिलिंदच्या कंपनीचा माल असतो. पूर्वी त्या जागेवर त्यांची शेती होती. पन्नाशीचा धिप्पाड, गोड बोलणारा माणूस. हा खेळ त्यांनी टीव्हीवर पाहिला आणि आवडला. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये हिरवं कापड टाकलेलं मोठं टेबल, दहा खुर्च्या. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. पैसे लावून पत्ते खेळणं हा गुन्हा आहे हे मला माहीत होतं. बाहेर ट्रेलरने हॉर्न दिला की मला पोलिसांची गाडीच वाटायची, आणि महामार्गाला लागून घर म्हटल्यावर हॉर्न दर मिनिटाला.

मला वहिनींनी, म्हणजे दामूशेठच्या बायकोने, कमलवहिनींनी, हॉलच्या दारालगतच्या गच्चीत बसवलं. तिथून टेबल पूर्ण दिसत होतं. हातात सोलायला लसूण दिला.

"घाबरतेस कं गो? पानी पी. कोन येत न्हाय इथं."

पहिल्याच डावात गोंधळ झाला. मिलिंदने चांगले पत्ते बघून चारशेची बोली लावली. शेजारी रऊफभाई होते, गावात त्यांचे बत्तीस लूम आहेत, पांढरी दाढी, अतिशय मऊ आवाज. त्यांनी आपले दोन पत्ते उचललेच नाहीत आणि दोनशेच्या चिप्स पुढे सरकवल्या.

"चारशे लागतील," मिलिंद म्हणाला.

"मी ब्लाइंड आहे ना."

"म्हणजे?"

दामूशेठ हसले. "सर, आमच्याकडं असाच नियम हाय. ज्यानी पत्ते न्हाय बघितले, त्यानं अर्धे टाकायचे. तीन पत्तीत असतं तसंच."

मिलिंदचा चेहरा उतरला. होल्डेममध्ये असं नसतं, जगात कुठेच नसतं, असं तो सांगायला लागला. ठाण्याहून आलेल्या दोन तरुणांनीही माना डोलावल्या. रऊफभाई शांतपणे म्हणाले, "भाई, घर त्यांचं, कायदा त्यांचा. खेळायचं तर खेळा." वर्षानुवर्षं तीन पत्ती खेळलेल्या माणसांनी होल्डेम आपल्या पद्धतीने घरात आणलं होतं, आणि ही चूक आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

तो डाव रऊफभाईंनी न बघितलेल्या सत्ती-दुर्रीवर जिंकला. मिलिंदच्या हातात दोन राण्या होत्या.

पुढचा तासभर हेच. मिलिंद पुस्तकासारखा खेळत होता. वाईट पत्ते टाकून द्यायचा, चांगले आले की मोठी बोली लावायचा, समोरच्याचा चेहरा वाचायचा. पण ज्याने स्वतःचेच पत्ते पाहिलेले नाहीत त्याचा चेहरा वाचून काय मिळणार? थाप मारून पळवून लावावं तर पळत कोणी नव्हतं, अर्ध्या किमतीत कोण पळेल? ठाण्याची मुलं बाहेर पडली. मिलिंदच्या चिप्स निम्म्यावर आल्या.

आणि मला, लसूण सोलता सोलता, गणित दिसलं.

तुम्हालाही सांगते, अवघड नाही. मधे आधीचे दीडशे पडलेत, समोरच्याने चारशे लावले. तुम्ही दोनशे टाकून साडेसातशेच्या ढिगाला हात घालता. म्हणजे चारांत एकदापेक्षा जरा जास्त वेळा जिंकलात तरी फायदा. आणि कुठलेही दोन पत्ते, अगदी डोळे मिटून उचललेले, एक्का-राजासमोर सुद्धा तीनांत एकदा जिंकतात. मोठ्या जोडीसमोरच काय ते मार खातात, आणि मोठी जोडी रोज रोज येत नाही. या घरात, या नियमाने, पत्ते न बघणं हाच शहाणपणा होता. वेडी माणसं बरोबर खेळत होती. माझा अभ्यासू नवरा चूक.

हे मला कळलं होतं, त्याला नाही. मी गप्प बसले असते तर अर्ध्या तासात तो बाहेर पडला असता, शपथ पाळली असती, सोमवारी कंपनीच्या बसमध्ये चढला असता. मला नेमकं हेच हवं होतं. सकाळपासून मनातल्या मनात मी त्याच्या हरण्यासाठी हात जोडत होते.

"दामूशेठ कधीच पत्ते बघत नाहीत का?" मी वहिनींना विचारलं.

"बघितलं तर तोंड लाल होतं न यांचं. सगल्यांना कलतं. मग यांनी बघनंच सोरलं." त्यांनी लसणाची परडी उचलली. "मी पन बघत न्हाय आता. किती गेलं, किती आलं, इचारतच न्हाय. इचारलं की झोप जाते."

त्या हसत बोलत होत्या. मला मात्र त्यांच्या जागी दहा वर्षांनंतरची मी दिसले.

चहासाठी खेळ थांबला तेव्हा मिलिंद गच्चीत आला. शर्ट घामाने भिजलेला. कठड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मी मूर्ख आहे का गं?" इतकंच. वर्षभरात त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. आणि मी सांगून टाकलं. चारशे, दोनशे, साडेसातशे, सगळं. ते पडलेलं तोंड मला बघवलं नाही, दुसरं काही कारण नव्हतं.

"न बघता?" तो कुजबुजला. "पूर्णपणे न बघता?"

"हो."

"भीती वाटते गं."

"मलाही."

तो आत गेला आणि दोन पत्त्यांवर हात ठेवून बसला. उचलले नाहीत. पहिला डाव गेला. दुसरा डाव जिंकला, चौथा जिंकला. एक वाहतूकवाले गेले, मग रऊफभाई. उठताना त्यांनी मिलिंदच्या पाठीवर थाप मारली, "अब सीखा." पाच वाजता टेबलावर दोघेच उरले, मिलिंद आणि दामूशेठ. चिप्सचे ढीग जवळपास सारखे.

आता कोणीच पत्ते बघत नव्हतं. दोघेही अर्धे टाकणारे, म्हणजे कोणालाच सवलत नाही. माझं गणित इथे संपलं. वर्षभराची पुस्तकं, शक्यता, चेहरे वाचणं, सगळं संपलं. नाणेफेक उरली. दामूशेठनी सगळा ढीग पुढे लोटला. मिलिंदने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आपलाही लोटला. आमच्या घराचं काय व्हायचं ते त्या झाकलेल्या चार पत्त्यांत होतं आणि ते जगात कोणालाच माहीत नव्हते. मी उठून आत टेबलापाशी गेले, वहिनीही आल्या.

मधले पाच उघडले. राजा, दश्शी, सत्ती, चौकी, दुर्री. रंग कोणाचा जमणार नव्हता. दामूशेठनी पहिलं पान उलटलं, दश्शी. जोडी झाली. दुसरं राणी. मिलिंदने पहिलं उलटलं, छक्की. काही उपयोग नाही. आता मधल्या राजाशी जोडी जमवणारा दुसरा राजाच त्याला वाचवणार होता. न दिसलेल्या चव्वेचाळीस पत्त्यांत तीन राजे. शंभरात सातही नाहीत. मी हे सेकंदात मोजलं. म्हणजे मी वाचले होते, घर वाचलं होतं, सुटकेचा श्वास सोडायची वेळ होती.

मिलिंदने शेवटच्या पानाचा कोपरा उचलला. चित्राचं पान होतं.

"राजा!" मी ओरडले. "राजा काढ, मिलिंद, राजा!" टेबलावर मूठ आपटली, एक चहाचा कप कलंडला, हिरव्या कापडावर डाग पसरला. मला त्या क्षणी मुलगी आठवत नव्हती, हप्ते आठवत नव्हते.

गुलाम निघाला.

वहिनींनी मला खांद्याला धरून बाहेर नेलं. रात्री तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण, सोलकढी. दामूशेठ आग्रह करकरून वाढत होते. जेवणानंतर कॅश गेम मांडला, मिलिंद बसला नाही. वहिनींनी खोलीत कूलर लावून दिला, पण माझ्या तळहातांचा घाम काही सुकेना.

रविवारी निघालो. घाट चढेपर्यंत मिलिंद एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, हरल्याचं दुःख. इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा मी त्याला धीर द्यायला गेले. म्हटलं, चहाच्या सुट्टीनंतर तू एकही डाव चुकीचा खेळला नाहीस. हा नियम असाच राहिला आणि सुरुवातीपासून न बघता बसलास, तर पुढच्या वेळी तुझी बाजू खूपच भक्कम आहे. मी बिलाच्या पाठीवर आकडे मांडायलाही घेतले होते.

त्याने माझ्या हातातला पेन काढून घेतला.

"शेवटचं पान उलटताना मी पत्त्याकडे बघत नव्हतो," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघत होतो. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही, शुभा."

सोमवारी तो कंपनीच्या बसमध्ये चढला. संगणकावरचा तो खेळ त्याने काढून टाकलाय, शपथ पाळतोय, सासूबाईंना काहीच कळलेलं नाही. मला हवं होतं ते सगळं मिळालं. गुरुवारी कमलवहिनींचा फोन आला, पुढच्या महिन्यात पुन्हा डाव हाय, सरांना न्हाय जमलं तर तू ये, गप्पा मारू. मी लगेच "येते" म्हणाले. मग फोन ठेवला. मिलिंदला अजून सांगितलेलं नाही.