खंडेनवमीचं कुंकू

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटे दीर पेनड्राइव्ह घेऊन आले आणि आम्ही दुकानाचं शटर उघडलं. गेवराईतलं ते दुकान माझ्या नवऱ्याचं. एक टेबल, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर. हे दिवसभर तिथं लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचे. हायवेवर गाडीनं उडवलं यांना, मोबाइलसकट. मी रडले नव्हते. बाया आपसात म्हणायच्या, "दगड झालीय नुसती." झाले असेन, बाई. तुम्हाला काय करायचंय?

मला एकच गोष्ट छळत होती. यांचा आवाज आठवत नव्हता. वीस वर्षं ऐकलेला आवाज! चेहरा दिसायचा, ओठ हलायचे, ऐकू काही यायचं नाही. लाज वाटायची, पण सांगणार कुणाला? मोबाइलचा चुरा झालेला. उरला हा कॉम्प्युटर, तर तोही अर्धवट सुरू होऊन तिथंच अडकायचा. चौकातल्या दुरुस्तीवाल्यानं बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागंल. आतलं सगळं जाईल." मी कॉम्प्युटरचा डबा उचलून सरळ परत आणला.

"वहिनी, सिस्टीम बिघडलीय, फायली न्हाई," दीर म्हणाले. "या पेनड्राइव्हवर दुसरी सिस्टीम हाय. तिच्यावर मशीन चालू करू अन् आतलं बघू."

पण पेनड्राइव्ह आत जाईना. मागच्या गोल जागांत कीबोर्ड आणि माउस, चपट्या जागा कधीच्याच बंद. पुढच्या एकुलत्या खाचेत दिरांनी टॉर्च मारला.

"वहिनी, हे काय भरलंय?"

कुंकू होतं. वर तांदळाचे दाणे. खंडेनवमीला पूजा मीच केलेली. सासऱ्यांची मेंढरं कातरायची कातर, विळा, खुरपं घरून आणून कॉम्प्युटरशेजारी एका ओळीत मांडलेलं. कातरीला जितकं कुंकू, तितकंच यालाही. आमच्यात हत्याराच्या पूजेला हात आखडत नाहीत.

मी पिन घेऊन बसले. दाणे निघाले, कुंकू निघता निघेना. बोटं लाल झाली. माझं कपाळ पुसून चौदा दिवस झाले होते. दिरांनी मान वळवली. मी बोटं पदराला पुसली. काही वाटलं नाही.

मग पेनड्राइव्ह बसला. दिरांनी एक बटण दाबत मशीन चालू केलं, यादीतून पेनड्राइव्ह निवडला. बराच वेळ पडदा काळाच. नंतर भलतंच चित्र आलं, आपल्याच घरात दुसऱ्याचं सामान मांडल्यासारखं. पण कोपऱ्यात यांची डिस्क दिसत होती. उघडली. लोकांचे फोटो, उत्पन्नाचे दाखले, सातबारे. सगळं गावाचं, यांचं काहीच नाही. अगदी तळाला एक फोल्डर: दसरा.

त्यात यांनी मोबाइलवर घेतलेला आणि व्हॉट्सअॅपवरून इथं उतरवलेला एक व्हिडिओ. त्यात हे नव्हतेच, माझा हात होता. चिमटीत कुंकू. आणि मागून आवाज आला.

"अगं, बास कर की! लई लावू नको, आत जाईल ते."

दीर चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर गेले. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला.

"गेलंच की हो आत," मी मोठ्यानं म्हणाले, आणि मला रडू फुटलं.