नवऱ्याची सही

आमच्या आरोग्य केंद्रात एक कागद होता. बाईला पाळणा लांबवायचा असेल, तर त्याच्या खाली नवऱ्याची सही लागायची. मी सोलापूर जिल्ह्यात नर्स म्हणून नवी होते तेव्हा थोरल्या सिस्टरांनी तो हातात दिला. म्हणाल्या, "सही घेऊन ठेवावी. उद्या भांडण आपल्या दारात नको." घरात सासूलासुद्धा उलट उत्तर देणारी मी, त्या कागदापुढे मात्र वर्षानुवर्षं गरीब गाय होते.

एकदा एक बाई आली. कडेवर तिसरं लेकरू. पापणी ओढून पाहिली तर आत पांढरीफटक.

"तीन म्हैन्याचं इंजेक्शन द्या की सिस्टर. लई थकले ओ."

तिला तेच योग्य होतं. तरी मी कागद पुढे केला. नवरा चिंचोळी एमआयडीसीत कामाला.

"त्ये न्हाय करायचे सई," ती म्हणाली.

"विचारून तर बघ."

तिने कागदाची घडी करून पोलक्यात खोचली आणि गेली.

परत आली ती पाच महिन्यांची गरोदर होऊन. मी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि वर सुनावलं, "वेळेवर यायला काय झालं होतं?" चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! बाळंतपणात तिला इतका रक्तस्राव झाला की सोलापूरला हलवावं लागलं. रक्त चढवलं, म्हणून वाचली.

दरम्यान नव्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी तो कागद पाहून शांतपणे विचारलं, "हा कुठल्या नियमात आहे?"

मी सगळ्या फायली उपसल्या. कुठेच नव्हता. बाईची स्वतःची संमती पुरेशी होती. त्या दिवशी डबा उघडलाच नाही मी. स्वतःचीच चीड आली होती.

दोन महिन्यांचं बाळ घेऊन ती पुन्हा आली. आल्या आल्या पोलक्यातून तोच कागद काढला. घड्यांवर विरलेला. खाली नवऱ्याची सही.

"दवाखान्यात माजी गत बघून केली त्येनी," ती म्हणाली. "आता तरी द्या."

"सही लागत नाही गं."

"कायदा बदलला व्हय?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," मी म्हणाले. "कधीच लागत नव्हती."



"मग तवा कशाला मागितली?"

मी इंजेक्शन भरायला घेतलं. तिने बाळ दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि दंड पुढे केला.