बशीतली बिअर

भावानं बर्फाच्या बादलीतून बाटली काढली तेव्हा माझं सगळं लक्ष दाराकडे होतं. आई दिग्रसला गेली होती, संध्याकाळच्या एसटीनं परतणार होती. आमच्या तांड्यावर कुठं दारूची भट्टी लागली की पहिली लाथ तिची. मी वाचायला शिकले तीच दारूबंदीच्या पत्रकांवर. आता ती पत्रकं मी लिहिते. ‘पाजणारा आणि पिणारा, दोघंही दोषी’ हे वाक्य माझं आहे, आणि ते मला आजही मान्य आहे.

भाऊ पुण्याला शरबताच्या कारखान्यात आहे, असं आईला, आमच्या याडीला, वाटत होतं. खरं तर तो एका लहानशा ब्रुअरीत बिअर बनवतो. ही त्याची स्वतःची पहिली कृती होती, इंडिया पेल एल नावाचा बिअरचा एक प्रकार.

“तू चाखून सांग,” तो म्हणाला. “चांगली असली तर आजच याडीले खरं सांगतो. भंगार असली तर नोकरी सोडून घरी येतो.”

“मलेच काहून?”

“तू तोंडदेखलं बोलत नाही म्हणून.”

हो म्हणावं तर माझंच पत्रक मोडत होतं. नाही म्हणावं तर न चाखता निकाल द्यायचा, आणि तसले निकाल देणाऱ्यांशी मी रोज भांडते.

त्यानं पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासात ओतली. आधी रंग पाहायचा, मग वास, मग लहान घोट जिभेवर फिरवायचा. रंग जुन्या मधासारखा, जरा गढूळ. फेस दाट. वासानं मी चकित झाले. हिरव्या संत्र्याची साल नखानं सोलावी तसा. हा हॉप्स नावाच्या फुलांचा, तो म्हणाला. घोट घेतला. आधी थोडं गोड, मग कडू. ते कडू घशाशी जाऊन बसलं, पण वाईट लागलं नाही. हेच मला भीतीदायक वाटलं.

“आणखी?” त्याचे डोळे माझ्या तोंडावर.

“मागून एक वास येते. माळ्यावरचे पत्रकांचे गठ्ठे भिजतात ना, तसा. ओल्या पुठ्ठ्याचा.”

त्याचा चेहरा उतरला. “भरताना बाटलीत हवा गेली.”

“बाकी चांगली हाय.”

“म्हणजे चांगली का भंगार?”

मी तोंड उघडलं आणि दार वाजलं.

आईनं ग्लास पाहिला, बाटली पाहिली. ओरडली नाही. “बशी आन,” एवढंच म्हणाली.

ही तिच्या दारूबंदी मंडळातल्या बायकांची रीत. पकडलेला माणूस ‘पाणी हाय’ म्हणतो, म्हणून मोहाची दारू बशीत ओतून काडी लावायची. निळी ज्योत उठली की दारू. तिनं बिअर ओतली आणि काडी ओढून टेकवली. काडी चुर्र करून विझली.

“शरबतच हाय,” ती म्हणाली. तिचे खांदे सैल झाले. “मी उगाच घाबरली.”

भावानं माझ्याकडे पाहिलं. एवढ्यावर सगळं मिटलं असतं. बिअर पेटण्याइतकी कडक नसते, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. माझ्या तोंडात ते कडू अजून होतं.

“याडी, दारूच हाय,” तो म्हणाला. “म्याच बनवली. तेच काम करतो मी तिथं.”

आईनं दुसरी काडी ओढली. तीही विझली. मग तिनं काडेपेटी हळूच बंद केली.

“पकडलेल्याले मंडळाच्या बैठकीत सगळ्यांपुढं उभं राहावं लागते,” ती म्हणाली. “उद्या बैठक हाय.”

“येतो.”

“मी पण उभी राहते,” मी म्हटलं. “मी पिली.”

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या नव्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे. तो मला उद्या बैठकीत वाटायचा होता.

“मंग हे कोन वाटन?” तिनं विचारलं, आणि बशी मोरीत रिकामी करायला उठली. संत्र्याचा वास घरभर पसरला.