नलिनीबाईंच्या अँबेसेडरचं पेडल

चावी फिरवली तर स्टार्टर गप्प. बॅटरी नवी, स्टार्टर आदल्याच दिवशी तपासलेला, गाडी न्यूट्रलला. तरी टक् असा आवाजसुद्धा नाही.

गाडी नलिनीबाईंची पांढरी अँबेसेडर. बाई परतूरच्या शाळेत शिक्षिका होत्या, रिटायर होऊन जालन्यात राहतात. गाडी त्यांच्या यजमानांची. ते वारले तेव्हापासून सात वर्षं शेडमध्ये उभी होती, मंग माझ्या गॅरेजात आली. इंजिनच्या ब्लॉकला, म्हणजे मुख्य ओतीव भागालाच, तडा गेल्ता. मी स्पष्ट सांगितलं, "बाई, हे इंजिन आता न्हाई होत. दुसरं बसवावं लागंल."

"बसवा. पण मला स्वतः चालवत पिंपळगाव रेणुकाईला, देवीला जायचंय. ते होते तोवर दर नवरात्राला जायचो आम्ही. येताना मी चालवायचे, ते शेजारी बसायचे."

आरटीओची परवानगी काढली. एका ठोकलेल्या व्हॅनचं इंजिन गिअरबॉक्ससकट मिळवून बसवलं. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू झाली.

या गिअरबॉक्सवर दोन स्विच होते. एक रिव्हर्सचा. गाडी रिव्हर्सला टाकली की तो मागचा पांढरा दिवा लावतो. दुसरा न्यूट्रलचा. गाडी न्यूट्रलला असेल तरच तो स्टार्टर फिरू देतो. दोन्ही दिसायला सारखे, आणि भंगारवाल्यानं वायरी मुळापासून कापलेल्या. कोणता स्विच कशाचा हे मी अंदाजानं सांगितलं, आमचे इलेक्ट्रिशियन सलीमभाई यांनी तसं जोडलं.

तरी त्या दिवशी स्टार्टर गप्प, म्हणून सलीमभाई मागं जाऊन वाकून बघायला लागले. "मिस्त्री, दिवा तर न्यूट्रललाच लागून राह्यला!"

मी रिव्हर्स टाकला. "आता?"

"आता विझला."

हे कसं काय, या विचारात माझा हात चावीवर गेला. स्टार्टर फिरला आणि गाडी धाडकन मागं गेली. सलीमभाईंनी बाजूला उडी मारली. बंपर ऑइलच्या ड्रमला धडकला.

"मिस्त्री, माझा पाय गेल्ता ना आज!"

चूक माझी होती. दोन्ही स्विचच्या वायरी उलट लागल्या होत्या. सलीमभाईंची माफी मागितली. ते पाणी प्याले आणि त्यांनी वायरी बदलल्या.

मंग बाईंना बोलावलं. गॅरेजसमोरच्या मैदानात त्या गाडीत बसल्या, पहिला गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडीनं उडीच घेतली. ब्रेक लागेपर्यंत बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"ही त्यांची गाडी न्हाई राहिली, शिंदे."

"इंजिन बदललंय बाई. सवय होईल."

"मला सवय न्हाई करायची. माझ्या पायाला ती गाडी ठाऊक आहे."

दार हळूच लावून त्या निघून गेल्या. मला मात्र ते जोरात आपटल्यासारखं वाटलं.

जुन्या गाडीत पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत लोखंडी सळ्या असतात. पेडल दाबलं की सळई सरकते आणि इंजिनाला पेट्रोल-हवा जास्त मिळते. नव्या इंजिनाला सळईऐवजी केबल, सायकलच्या ब्रेकसारखी. ती मी पेडलच्या दांड्याच्या टोकाला बांधली होती. तिथं दांडा लांब फिरतो, म्हणून केबल भराभर ओढली जायची. अर्ध्या पेडललाच इंजिन पूर्ण ताकद लावायचं.

काढून टाकलेल्या जुन्या सळ्या कोपऱ्यात पडल्या होत्या. त्या परत जोडून पेडल किती दबतं आणि सळई किती सरकते ते मापलं. दांड्यावर एक पट्टी वेल्ड केली, तिला तीन भोकं पाडली. सगळ्यात आतल्या भोकात केबल टाकली तर गाडी चढाला मरायला लागली. मधल्या भोकात हिशेब जमला. पेडल चटकन मागं यावं म्हणून एकाऐवजी दोन स्प्रिंगा लावल्या.

आठ दिवसांनी बाई आल्या. मैदानात एक चक्कर मारून म्हणाल्या, "चला, जाऊनच येऊ."

मी पुढचं डावं दार उघडायला गेलो. पेडलवर त्यांचा पाय कसा चालतो ते मला बघायचं होतं.

"शिंदे, तुम्ही मागं बसा."

बसलो. त्यांच्या शेजारची सीट मोकळी राहिली. राजूर गेलं, दोन्ही बाजूंना कपाशी लागली.  मंग बाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "आता ते म्हणाले असते, नलू, क्लचवरचा पाय काढ." आणि त्यांनी पाय काढला.

मी खिडकीबाहेर बघत बसलो. 

देवळापाशी गाडी अलगद थांबली. बाईंनी इंजिन बंद केलं. "आवाज तो न्हाई," त्या म्हणाल्या, "पण पायाखाली तीच आहे."

गाडी अजून व्यवस्थित चालते. मी मात्र आता स्विच जोडण्याआधी मीटर लावून खात्री करतो, आणि जुनं पेडल खोलण्याआधी मालकाला त्यावर पाय ठेवायला लावून माप घेतो. हे दोन्ही आधीच केलं असतं तर सलीमभाईंना उडी मारावी लागली नसती आणि आठ दिवसही वाचले असते.