खांबावरची खूण

तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी त्या उन्हाळ्यात मी इस्लामपुरात घरोघरी फिरत होते. घरातल्या सगळ्यांची तोंडं बघून झाली की चौकटीवर खडूनं बरोबरची खूण करायची. कुलूप असलं तर फुली, म्हणजे परत यायचं. संध्याकाळपर्यंत पायाचे तुकडे पडायचे.

स्टँडच्या कडेला एका खांबाशी बोचकं लावून माण तालुक्याकडची एक म्हातारी राहायची. मी तिला मावशी म्हणायचे. दिवसातून चारदा मिश्री लावायची. महिनाभर तिखट झोंबतंय म्हणत होती, भाकरी पाण्यात बुडवून खायची. मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये घर नंबर टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडेना. साहेबांना फोन केला, तर म्हणाले, स्टँडवरचे आपल्या यादीत येत नाहीत, सोडून द्या.

मागच्या गल्लीतल्या दारांवर खुणा करताना ती मला रोज बघायची. एक दिवस खांबावर हात ठेवून म्हणाली, "माझ्या दाराला न्हाई व्हय, बाई?"

मला ती चेष्टा वाटली. उन्हानं जीव नकोसा झाला होता. मी हसत खांबावर बरोबरची खूण केली आणि चहाला गेले. तोंड उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी मला लांबची गल्ली दिली.

पुढं पंधरा दिवसांनी स्टँडवर तपासणीची गाडी आली, खास बेघर लोकांसाठी. हे मला फार उशिरा समजलं. गाडीतल्या बायकांनी खांबावरची खूण बघितली, मावशीला विचारलं, तिनं झालंय म्हणून सांगितलं. त्या पुढं गेल्या.

दिवाळीनंतर बघते तर मावशीचा गाल सुजलेला, तोंडात एक बोट जाईना. मीच तिला सांगलीला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता हातात काही राहिलेलं नाही. मग त्यांनीच वैतागून तिला विचारलं, इतके दिवस कुणाला दाखवलं का नाही?

तिला धड बोलता येत नव्हतं. तरी माझा हात धरून म्हणाली, "आवं, दाखवलंय की. ह्या बाईनं खूण केलीया खांबाव."

ती माझीच बाजू घेत होती. त्यापेक्षा तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, खरं का म्हणून विचारलं.

आणि मी मेलीनं हो म्हणून मान हलवली.